एका मुक्कामाची चैन

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, कशाला ओझं वाहायचं?" गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर जाताना हे वाक्य मीच म्हटलं होतं, आणि ग्रुपने ऐकलंही! परिणाम काय? देवळाजवळच्या गुहेत नुसती चादर अंथरून आम्ही सहाजण पहाटेपर्यंत कुडकुडलो. एकाचे दात तर इतके वाजायला लागले की आम्ही घाबरलो आणि त्याला मध्ये घेऊन बसून राहिलो. कोकणकड्यावर सकाळी पोचलो खरे, पण बघायला डोळे उघडे होते कुणाचे?

आता माझं मत नेमकं उलटं आहे. आठ दिवसांच्या ट्रेकला वजन मोजावंच लागतं. पण एका मुक्कामाला शिधा तो कितीसा? गडावर गावकऱ्यांकडे गरम पिठलं-भाकरी मिळते, म्हणजे स्टोव्ह नको, भांडी नकोत. मग पाचनईच्या वाटेने दोन-तीन तास दीड किलो चैन जास्त वाहिली तर बिघडलं कुठे?

पहिली चैन कॅरीमॅट. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं. खरं तर दगड आपल्या अंगातली उष्णता खालून ओढून घेतो. फोममधे अडकलेली हवा ती वाट बंद करते. उंचीचाही हिशोब आहे. दर 1000 मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. गड 1424 मीटर, नगर शहर साधारण 650. म्हणजे नगरपेक्षा पाच अंश कमी, वारा वेगळाच!

भंडारदऱ्यासारख्या झाडं असलेल्या ठिकाणी हॅमॉक न्या. आपली तान्ह्या बाळाची झोळीच ती, फक्त मोठ्यांची. पण तिच्यातही पाठ गारठते, कारण स्लीपिंग बॅग अंगाखाली दाबली जाऊन तिच्यातली हवा निघून जाते. तेव्हा कॅरीमॅट तिथेही हवीच. आणि झोळी ताठ बांधू नका! फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांत असेल तर 60 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला 60 किलोच ताण येतो. 10 अंशांवर तोच सुमारे 173 होतो. दोरीऐवजी रुंद पट्टा वापरा, झाडाची साल कापली जात नाही. झोपायचं जरा तिरकं, म्हणजे पाठीचं धनुष्य होत नाही. (देवळाच्या खांबाला झोळी बांधायचा विचारही नको, प्लीज.)

बाकी किरकोळ: फक्त झोपताना घालायचे कोरडे मोजे, आईची कानटोपी, आणि कपडे कोंबून उशी करायला एक अभ्रा. थर्मास जड असतो, पण पहाटे चार वाजता त्याची किंमत कळते. स्पीकर मात्र घरीच ठेवा.

जानेवारीत परत गेलो. दातवाला मित्र दोन कॅरीमॅट घेऊन आला होता. दुसरी माझ्यासाठी. म्हणाला, "तुझा काय भरवसा!"