नापासाचा शेरा आणि शिकणारा मेंदू

राळेगणसिद्धीचे नाव निघाले की नालाबंडिंग, दारूबंदी आणि उपोषणे आठवतात. पारनेर तालुक्यातल्या या गावाच्या शाळेची गोष्ट त्या मानाने मागे पडते. १९७१ साली गावची लोकसंख्या बाराशेच्या घरात होती आणि साक्षरता जेमतेम तीस टक्के. साक्षर बायका होत्या बहात्तर. प्राथमिक शाळा संपली की मुलगे पारनेरला किंवा शिरूरला जात आणि मुलींचे शिक्षण तिथेच थांबे. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले. पुढच्या वर्षी बालवाडी निघाली. १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि माध्यमिक शाळा उभी राहिली. पुढे वसतिगृहही झाले. या शाळेने प्रवेशाचा जो नियम केला, तो आजही विचित्र वाटावा असा आहे: इतरत्र नापास झालेल्या मुलांना आधी प्रवेश.

एरवी काय होते ते आपण जाणतो. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची मुले नववीतच गाळायची, ही अनेक माध्यमिक शाळांची जुनी युक्ती. शाळेबाहेरच्या फळ्यावर टक्के लिहायचे असतात. ते वाढवायचा सोपा मार्ग शिकवण्यातून जात नाही, गाळण्यातून जातो. राळेगणने गाळलेल्यांनाच दार उघडले. ज्यांनी हे ठरवले ते मेंदूविज्ञान वाचून बसलेले नव्हते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मेंदू आणि प्रेरणा यांवर जे संशोधन झाले, ते समोर ठेवून हा नियम पुन्हा पाहावा, असे वाटण्याचे कारण मात्र ताजे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले. लोकांनी त्याला 'ढकलपास' म्हटले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलले. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि त्यातही न जमल्यास मूल त्याच वर्गात. म्हणजे दहा वर्षांच्या मुलापर्यंत तो शेरा परत आला आहे.

ढकलपासाच्या बाजूने किंवा विरुद्ध भांडण्यात बरीच शाई गेली. मूल त्या पाचवीच्या परीक्षेला पोचते तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेले असते, हा प्रश्न त्यात हरवला. तो आधी घेऊ.

वाचनापासून सुरुवात करावी, कारण नापासीची मुळे बहुधा तिथे असतात. माणसाचा मेंदू बोलायला जन्मतः तयार असतो, वाचायला नाही. लिपी ही जेमतेम पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेवढ्यात मेंदूत वाचनाचे वेगळे केंद्र उत्क्रांत होणे शक्य नव्हते. फ्रान्सचे स्तानिस्लास देहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या निरक्षर, लहानपणी शिकलेल्या आणि मोठेपणी साक्षर झालेल्या माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा त्यांनी घेतल्या. डाव्या बाजूला, मागे-खाली, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा वाचायला शिकलेल्यांमध्ये अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो असे दिसले. मोठेपणी शिकलेल्यांमध्येही. शिकणे म्हणजे जुन्या जागेचा नवा वापर, आणि त्याचे दार लहानपणीच बंद होत नाही.

हा तुकडा तरबेज होईपर्यंत वाचन महाग पडते. 'शेतकऱ्याच्या बांधावर' हे दोन शब्द सराव नसलेले मूल कसे वाचते ते शेजारी बसून ऐकावे. शे... त... क... मग तो ऱ्या, मग च्या. आपण क्षणभर मनात धरून ज्यावर काम करतो त्या कार्यस्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच मावतात, असे नेल्सन कोवन यांच्यासारखे संशोधक मानतात. ज्याला ओळखीचा शब्द एका घासात गिळता येतो त्याची एक जागा जाते. ज्याला अक्षर-अक्षर उचलावे लागते त्याच्या चारही जागा शब्द संपायच्या आत भरतात. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात सांडून गेलेली असते. मग गुरुजी विचारतात, "काय वाचलंस?" मूल गप्प. गुरुजींना वाटते, लक्ष नाही. लक्ष होते, सगळेच्या सगळे जोडाक्षरांवर खर्च झाले.

पाचवीच्या गणिताचे शाब्दिक उदाहरण, परिसर अभ्यासाचा धडा, सगळे याच गाळणीतून जाते. एकदा वाचन अडले की सगळे विषय अडतात आणि प्रगतिपुस्तकावर ती सहा वेगवेगळी अपयशे म्हणून उमटतात.

अपयशाची सवय लागणे म्हणजे काय, याचे उत्तर शोधताना मानसशास्त्राला एक गंमतशीर कोलांटी घ्यावी लागली. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवरचे ते प्रसिद्ध (आणि आज क्रूर वाटणारे) प्रयोग मांडले. ज्यांना विजेचे धक्के काही केले तरी थांबवता येत नव्हते, ती कुत्री पुढे सुटका समोर असतानाही पडून राहिली. याला 'शिकलेली हतबलता' असे नाव पडले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मायर यांच्या मेंदूवरच्या कामाच्या आधारे सांगितले, की आपण उलटे समजलो होतो. दीर्घ त्रासाखाली निपचित होणे हा मेंदूच्या खोडातून येणारा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते दुसरेच, म्हणजे 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. तो अनुभव मिळाला तर कपाळामागचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो आणि पुढच्या संकटातही घालत राहतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगावरून थेट वर्गखोलीत उडी मारू नये. तरी ज्याला आपण 'ढ' म्हणतो त्या मुलाकडे पाहण्याची दिशा यातून बदलते. (ब्राह्मीपासून आजपर्यंत ढ या अक्षराचे वळण फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला 'ढ' म्हणतात, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. अक्षराबद्दल ती खरी असेल, पोराबद्दल नाही.) त्याला हतबलता कोणी शिकवलेली नसते. फरक पडतो, हे शिकायची संधी त्याला मिळालेली नसते. राळेगणच्या वसतिगृहातला दिवस पहाटेच्या व्यायामाने सुरू होतो. ज्या मुलाला सांगून झाले आहे की त्याला काही जमत नाही, त्याच्या दिवसाच्या पहिल्या तासात एखादी गोष्ट जमते. बीजगणित नंतर येते. माझ्या मते त्या शाळेचे मर्म शिस्तीपेक्षा या क्रमात आहे.

प्रेरणेची दुसरी बाजू बक्षिसाची. मेंदूतले डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, असे वर्तमानपत्री सुलभीकरण आपल्याकडे रूढ आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी निराळेच दाखवले. अनपेक्षित फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. रस मिळणार हे दिव्याच्या खुणेवरून कळू लागले की त्या खुणेलाच उसळत, रसाला नाही. खूण दिसून रस मिळाला नाही तर नेहमीपेक्षाही शांत होत. या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. ज्याला पाचपैकी पाचच मिळतात त्याला सहावे बरोबर उत्तर काही शिकवत नाही, आणि ज्याला रोज शून्य मिळते तोही पुढे काही अपेक्षा धरत नाही. किंचित अवघड, पण जमण्याजोगे काम या दोघांनाही लागते. चाळीस मुलांना एकाच पानावरचे एकच उदाहरण दिले की ते पाच-सात जणांनाच तसे बसते.

मग बक्षिसे वाटावीत का? मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांना रंगीत पेने दिली. काहींना आधीच सांगितले की काढलीत तर प्रशस्तिपत्र मिळेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी, बक्षीस नसताना, ती मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता पत्र मिळाले त्यांची आवड शाबूत होती. भीतीचा शेरा आणि आमिषाचे पत्र ही दोन्ही बाहेरून हलवणारी काठी आहे, एवढे यातून घ्यावे. आमिष कधीच देऊ नये असा नियम त्यातून निघत नाही. ज्याला वाचनाची गोडीच अजून लागलेली नाही त्याच्याकडून हिरावण्यासारखे काही नसते.

मेंदूविज्ञानाच्या नावाने बाजारात बराच माल खपतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा, कोणी डोळ्यांनी शिकणारा तर कोणी कानांनी, डोळे बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन'चे वर्ग. यांतल्या पहिल्या दोहोंना संशोधनाचा आधार मिळालेला नाही आणि तिसरी शुद्ध फसवणूक आहे. तालुक्याच्या गावी हे वर्ग हजारो रुपये फी घेतात. पट्टीच्या फटीतून नाकाच्या बाजूने दिसते, एवढेच त्यातले विज्ञान.

आता नेतृत्व. केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले, की शाळेच्या हातातल्या घटकांमध्ये वर्गातल्या अध्यापनाखालोखाल परिणाम नेतृत्वाचा होतो. तो अप्रत्यक्ष असतो. मुख्याध्यापक मुलाला भागाकार शिकवत नाही, शिकवणाऱ्याला मोकळे करतो किंवा अडकवतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तर मुख्याध्यापक म्हणजे चार्ज असलेला शिक्षकच. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, बैठका आणि उरलेल्या वेळात दोन-तीन वर्ग एकत्र. कार्यस्मृतीत चार जागा असतात हे शिक्षकालाही लागू आहे.

महाराष्ट्रातले अलीकडचे ठळक उदाहरण नगरचे नाही, साताऱ्याच्या कुमठे बीटचे आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मुलांनी हाताळून, एकमेकांना विचारून शिकायचे आणि प्रत्येक मूल कुठवर आले ते शिक्षकाने पाहायचे. तपासणीला येणारा अधिकारी तिथे सोबत शिकणारा झाला. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाने तीच दिशा राज्यभर नेली. पण अनेक ठिकाणी परतलेल्या गाड्यांमधून फक्त रंगाचे डबे उतरले. फरशीवर अंक, भिंतीवर बाराखडी, व्हरांड्यात सापशिडी. रंगवलेली फरशी फोटोत येते. चुकलेल्या मुलाला "कसं काढलंस ते सांग बरं" असे विचारणे फोटोत येत नाही, आणि कुमठ्याचा प्राण तिथे होता.

पाहून शिकणे मात्र टाकाऊ नाही, याला नगरच साक्षी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ साली नगरला आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा जोतीराव फुल्यांनी येऊन पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे झाल्याचे सांगितले जाते. मुली शिकू शकतात याचे युक्तिवाद पुण्यातही करता आले असते. शिकत असलेल्या मुली डोळ्यांनी पाहणे वेगळे. आपल्यासारख्या कोणाला तरी जमताना पाहिले की आपल्यालाही जमेल असे वाटू लागते, हे पुढे अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली सिद्धान्त म्हणून मांडले. फुल्यांनी मिशनच्या शाळेची इमारत उचलली नाही, ती खात्री उचलली.

शेवटी एक अडचण, जिच्यापुढे चांगला मुख्याध्यापकही तोकडा पडतो. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून नगरची ओळख साखरेचा जिल्हा अशी झाली, पण याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून ऊसतोडीच्या टोळ्याही निघतात. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात रिकामे असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, तर्काच्या चाचण्या दिल्या. तीच माणसे तोडणीनंतर सरस ठरली. बुद्धी तीच होती, आधी ती काळजीने व्यापलेली होती. हे निष्कर्ष पुढे वादातही सापडले, तरी उसाच्या मालकाची ही गत असेल तर कोयता घेतलेल्याची काय, हा प्रश्न राहतोच. त्यांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते, की उजळणी नसली तर पाठांतराचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो. इथे खंड पाच-सहा महिन्यांचा. नुकती जुळू लागलेली जोडाक्षरे फडावर सुटतात. वार्षिक परीक्षा मात्र सगळ्यांची एकाच वेळी.

यावर साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहांची योजना आली: मुलांनी आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहायचे, जेवणाची सोय शाळेने करायची. ही योजना चालते तिथे एक शिक्षक टोळी निघण्याच्या आधी घरोघर फिरून आईबापांशी बोललेला असतो. पाचवीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला फडावर हवी असते, म्हणून बोलणी तिच्याच नावावर अडतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मुकादमाचे ट्रॅक्टर वस्त्यांवर आलेले असतील.