ताट आधी की सुई?

मधुमेह दिन आला की आकड्यांचा पाऊस पडतो. देशात दहा कोटींवर मधुमेही, आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर, हे ‘आयसीएमआर-इंडिॲब’ पाहणीचे २०२३चे आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झालेत. प्रश्न वेगळाच आहे. यांतला एखादा वॉर्डात दाखल झाला, की दिवसभर त्याच्या आसपास कोण असतं? डॉक्टर राउंडपुरते. डाएटिशियन असल्याच, तर एका फेरीपुरत्या. उरते ती सिस्टर, आणि पुष्कळदा ती नर्सिंगची विद्यार्थिनी असते.

तिला शिकवतात सगळं. बीएस्सी नर्सिंगच्या सध्याच्या अभ्यासक्रमात आहारशास्त्र दुसऱ्या सत्रात आहे, मधुमेह त्यानंतर ‘ॲडल्ट हेल्थ नर्सिंग’मध्ये. पण एका विषयाची परीक्षा झाली की वही माळ्यावर जाते. ताट एका वहीत, सुई दुसऱ्या. वॉर्डात मात्र दोन्ही एकाच खाटेवर येतात.

खाटेवरची आजी विचारते, “सिस्टर, भात कधीच सोडला मी. नुसती भाकरी खाते, तरी साखर कशी वाढते?” ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे साखर भातापेक्षा सावकाश चढते, हे खरं. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच असतात. ‘इंडिॲब’च्याच २०२५मधल्या आहारविश्लेषणात दिसलं की, भारतीयांच्या रोजच्या उष्मांकातले सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्यं आणली, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांना दिला, तर घटलेला दिसला. ज्वारी-बाजरीच्या नावाने चाललेल्या जाहिरातबाजीला हे झोंबेल, पण आजीला सांगायचं एवढंच: “एक भाकरी कमी करा, उसळीची वाटी वाढवा.”

दुसरा गैरसमज खुद्द विद्यार्थिनींच्या डोक्यात असतो: मधुमेह जाड्या माणसांचा. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवावेत. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांच्या गटाने मोजली, तेव्हा हेच पाळण्यातही दिसलं. सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांहून कितीतरी कमी, पण तुलनेने कमी पडले होते ते स्नायू. चरबी बरीचशी शाबूत होती. म्हणजे गरोदर बाईच्या ताटात काय आहे हे विचारणारी नर्स पुढच्या पिढीच्या मधुमेहाशीही झुंजत असते. माझं चाललं तर तो फोटो मी प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर लावेन. काटकुळ्या शेतमजुराची साखर तपासायची राहून जाते, ती तो न पाहिल्यामुळे.

आता वॉर्डातली दुपार. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं. बारा वाजता यादीप्रमाणे इंजेक्शनं देऊन होतात आणि जेवणाची ट्रॉली येते सव्वा वाजता. मधल्या वेळात दहा नंबरच्या काकांना दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणं तुटक. साखर सत्तरच्या खाली. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, नाहीतर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट नको; स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारायची, डेक्स्ट्रोज शिरेतून जाईल. हे सगळं पुस्तकात आहे. पण ट्रॉली निघाली का हे स्वयंपाकघरात विचारून मगच सुई टोचली असती, तर ही धावपळ झालीच नसती.

सिरिंजचंही तसंच. आपल्याकडे बऱ्याच व्हायलमध्ये मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. शंभर युनिटवाल्या इन्सुलिनची नारिंगी. चाळीसच्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला मिळतात आठच युनिट. उलट झालं, तर वीसच्या जागी पन्नास. टोपणाचा रंग बघायला क्षणभर लागतो, पण डिस्चार्जच्या वेळी ते रुग्णाच्या घरच्यांना दाखवून द्यायला पाच मिनिटं काढावी लागतात, आणि तीच काढली जात नाहीत.

उपवासाचं तर आहारतक्त्यात नावही नसतं. “आज काही धरलंय का, मावशी?” हा प्रश्न संकष्टीला आणि एकादशीला इन्सुलिनच्या आधी विचारलाच पाहिजे. मावशी दिवसभर निरंकार असतील तर नेहमीचा डोस धोक्याचा. साबुदाण्याच्या खिचडीवर असतील तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, साखर चढणारच. दोन्ही वेळा डोस ठरवणार डॉक्टर, पण त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचवणार सिस्टरच.

परीक्षेत अजून ‘मधुमेहाची गुंतागुंत लिहा’ छापाचेच प्रश्न असतील, तर मुली तेवढंच पाठ करणार. प्रात्यक्षिकात एक व्हायल, दोन रंगांच्या सिरिंजा आणि वॉर्डातलं खरं ताट समोर ठेवा. विचारा: ट्रॉली पाऊण तास उशिरा येणार आहे, रुग्णाची एकादशी आहे, आता काय कराल? याचं उत्तर देता येणाऱ्या मुलीलाच मधुमेहाच्या रुग्णाजवळ एकटी सोडावी. आणि ट्रॉली रोज उशिरा येत असेल, तर जाब मात्र त्या मुलीला नको, रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारावा.