सावलीची कड

एप्रिलमध्ये भर दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर उभं राहायची हौस कुणाला नसते. अमरावतीच्या गाडीला अवकाश असला की माणसं पत्र्याखाली सरकतात. माझा भाचा मात्र मोबाइल काढून सावल्यांचे फोटो घेतो : पत्र्याच्या कडेची, बाकड्याच्या पायाची, हातगाड्याच्या चाकाची. तो संगणकावरच्या ॲनिमेशनचं लाइटिंग शिकतोय आणि कित्येक दिवस एकच दृश्य घेऊन बसलाय. फलाट, बाकडं, संत्र्यांची टोपली. परवा वैतागून म्हणाला, "मामा, सारं मोजूनमापून केलं, तरी काहून खोटं वाटते?"

उत्तर त्याच्याच फोटोंत होतं. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. पृथ्वीवरून तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो आणि उन्हातल्या सगळ्या सावल्यांच्या कडा या अर्ध्या अंशावर ठरतात. बाकड्याचा पाय फरशीला टेकतो तिथे सावली रेघेसारखी स्वच्छ. चार मीटर उंचीवरच्या पत्र्याची कड मात्र जमिनीवर उतरेपर्यंत चारेक सेंटीमीटर पसरट होते. कडुनिंबाखाली पडणारे गोल कवडसे ही तर सूर्याचीच चित्रं. म्हणून पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल पडतो, आणि ग्रहणात त्याचीही कोर होते. भाच्याने आपल्या सूर्याला आकारच दिला नव्हता. सगळ्या सावल्या ब्लेडने कापलेल्या.

ही चूक एका आकड्याने सुधारते. खरी गंमत सावलीच्या आत आहे. पत्र्याखाली थेट ऊन पोचत नाही, तरी तिथल्या माणसाचा चेहरा दिसतो, कारण ऊन फरशीवर आपटून वर उसळतं आणि येताना फरशीचा रंग घेऊन येतं. 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. वरून झिरपणारा उजेड आणायला छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खाली न रोखता त्या कापडावर रोखले. उजेड कापडावरून परतून खाली आला. प्रकाशाचा हा परतीचा प्रवास जिम काजिया यांनी १९८६ साली संगणकासाठी एका समीकरणात बांधला, पण आख्ख्या चित्रपटाला तो हिशेब परवडायला बराच काळ जावा लागला. पिक्सारनेसुद्धा 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'पासून, म्हणजे २०१३ पासून, त्यावर भिस्त ठेवली. तोवर कलाकार जागोजागी लपवलेले दिवे ठेवून ही उसळी हाताने उभी करायचे. मला तर वाटतं, पाहायला तेच जास्त शिकले असतील. आता उसळी फुकटात मिळते आणि शिकणाऱ्याला वाटतं, लाइटिंग झालं. झालेला असतो तो हिशेब.

अवजारांची अडचण तर उरलेलीच नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांना खुलं आहे. त्यावरच केलेल्या, लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळालं.

मी भाच्याला सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं चित्र दाखवलं. दिवा धरलेली तरुणी, जलरंगातली. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रात उजेडाचा उगम एकच, आणि तोही तिने हाताच्या आडोशाला घेतलेला. बोटं आतून पेटल्यासारखी तांबडी. कातडीत शिरलेला उजेड आत विखुरतो आणि रक्तामुळे तांबडा होऊन बाहेर पडतो. याचा सोयीचा हिशेब संगणकाला २००१ साली हेन्रिक वान जेन्सन आणि सहकाऱ्यांनी दिला. हळदणकरांनी ते १९४०च्या दशकात कुंचला आणि पाण्यावर निभावलं होतं. भाचा बोटांकडे बघत राहिला. मी म्हटलं, बोटं सोड, पाठीमागे बघ. तिथे त्यांनी अंधाराला मोकळं सोडलंय.

व्यवसायात कस लागतो तो इथेच. एकच फ्रेम देखणी करणं फार अवघड नाही. पण बारा शॉटांच्या प्रसंगात कॅमेरा फिरला तरी सूर्य जागच्या जागी वाटला पाहिजे, पात्र पाठीमागच्या भिंतीपासून सुटं दिसलं पाहिजे, आणि नजर क्षणात जिथे जायची तिथेच गेली पाहिजे. त्यात वेळेचा काच. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ फ्रेम. एका फ्रेमच्या हिशेबाला, म्हणजे रेंडरला, अर्धा तास धरला तर एका यंत्रावर ४८ तास. चित्रातली खरखर निम्मी करायला सॅम्पल, म्हणजे दर ठिपक्यामागे तपासायचे किरण, चौपट लागतात, म्हणजे वेळही जवळजवळ चौपट. म्हणून जाणकार प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळा साठवून ठेवतात. दिग्दर्शकाने "जरा संध्याकाळ वाटू द्या" म्हटलं की पुन्हा रेंडर न करता नंतर जोडणीत दिवे कमीजास्त करता येतात.

भाच्याच्या दृश्यात अकरा दिवे होते. प्रत्येक काहीतरी उजळण्यासाठी लावलेला. बाकड्यासाठी एक, पाटीसाठी एक, पत्र्याच्या खांबासाठी दोन. काल रात्री त्याने एकेक विझवत आठ बंद केले. खांब गेले, पाटी गेली, बाकडं अर्धंअधिक अंधारात बुडालं. मग त्याने पत्र्याला एक वेडंवाकडं भोक पाडलं. टोपलीतल्या वरच्या दोन संत्र्यांवर कवडसा पडला, गोल.