मेडिकल स्क्राइबची नोकरी: ऐकीव किती, खरं किती?

दादर स्टेशनबाहेर क्लासचे फलक वाचत गेलं, तरी करिअरची यादी तयार होते. बी.एस्सी., बी.फार्म., फिजिओथेरपी किंवा बीएचएमएस झालेल्या मुलामुलींच्या गप्पांत हल्ली त्या यादीत 'मेडिकल स्क्राइब' हेही नाव असतं. मुंबईत बसून अमेरिकेतल्या डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकायचं आणि त्याचा केसपेपर तिथल्या तिथे संगणकावर तयार करायचा, हे ते काम. अमेरिकेत 2009च्या कायद्याने संगणकीकृत नोंदींना जोर आला आणि डॉक्टर कीबोर्डला जखडले गेले. 2016च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, की पेशंटसमोरच्या एका तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास नोंदींत आणि टेबलावरच्या कामात जातात. हा भार हलका करणाऱ्या कंपन्यांपैकी आयकेएस हेल्थ आपल्या नवी मुंबईतलीच. तिच्या ऑफिसात जायला दादरहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, असा रोजचा रस्ता. या नोकरीबद्दल ऐकीव माहिती मात्र फार फिरते.

गैरसमज 1: हे तर टायपिंगचं काम.
वस्तुस्थिती: जुन्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं रेकॉर्डिंग ऐकून उतरवायचं असे. स्क्राइबला कोणी मजकूर सांगत नाही. पेशंट नातवाच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलतो. त्यातून तक्रार, तपासणीतले निष्कर्ष, निदान आणि पुढचे उपचार असे चार कप्पे भरायचे असतात. 'छातीत दुखतं का?' याला पेशंट 'नाही' म्हणाला, तर ते 'नाही'सुद्धा लिहावं लागतं. हृदयविकाराची शंका बाजूला ठेवताना डॉक्टरांना त्याचाच आधार असतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवर आणि अस्वस्थतेवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. कानाला दोन्ही सारखीच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांचंही तेच. शंका आली की अंदाज न लावता विचारायचं, हा इथला पहिला धडा.

गैरसमज 2: केसपेपर आपण लिहितो, म्हणजे उपचारातही आपला शब्द चालतो.
वस्तुस्थिती: अजिबात नाही. निदान करणं, सल्ला देणं, औषध सुचवणं हे स्क्राइबच्या अधिकारात नाही. नोंद वाचून, दुरुस्त करून सही करतात ते डॉक्टर आणि जबाबदारीही त्यांचीच. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना हे जड जातं. समोर रोग ओळखू येतो, पण बोलता येत नाही.

गैरसमज 3: हा अनुभव पुढच्या प्रवेशाला कामी येतो.
वस्तुस्थिती: अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणारी मुलं स्क्राइबचं काम करतात, कारण तिथे मेडिकलच्या प्रवेशात असा अनुभव पाहिला जातो. आपल्याकडे नीटची गुणवत्ता यादी गुणांवर लागते. स्क्राइबच्या वर्षांना तिथे एकही गुण नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीची तयारी करणाऱ्यांनीही हेडफोनवर ऐकलेल्या ओपीडीला प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव समजू नये. खरा फायदा वेगळाच आहे. वैद्यकीय इंग्रजी पक्कं होतं आणि निष्णात डॉक्टर प्रश्न कसे विचारतात, हे रोज ऐकायला मिळतं. अशी शिकवणी फी भरून मिळत नाही.

गैरसमज 4: घरबसल्या, निवांत काम.
वस्तुस्थिती: कॅलिफोर्नियातली सकाळी 8 ते संध्याकाळी 5ची ओपीडी म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच, हिवाळ्यात आणखी एक तास पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. घरून काम मिळालंच, तरी रुग्णाच्या गोपनीयतेसाठी बंद खोली लागते. वन-रूम-किचनमध्ये आई स्वयंपाक करतेय आणि कोपऱ्यात स्क्रीन उघडी, हे चालत नाही. ऑफिसात मोबाइल, वही-पेन बाहेर ठेवावं लागू शकतं.

गैरसमज 5: मुलींना रात्री घरी पोचवणं ही कंपनीची मेहेरबानी.
वस्तुस्थिती: महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं, तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय या अटी आहेत.

गैरसमज 6: महागडा कोर्स केल्याशिवाय नोकरी नाही.
वस्तुस्थिती: स्क्राइब होण्यासाठी भारतात कोणताही सरकारी परवाना लागत नाही. अनेक कंपन्या निवड झाल्यावर स्वतःच प्रशिक्षण देतात. 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून आधी पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. शरीरशास्त्र, औषधांची नावं आणि अमेरिकी उच्चार यांचा सराव घरीही होतो.

गैरसमज 7: एआय आलं, आता हे काम संपलंच.
वस्तुस्थिती: भीती अगदी खोटी नाही. ओपीडीतलं बोलणं ऐकून नोंदीचा मसुदा करणारं सॉफ्टवेअर आलं आहे. असं तंत्रज्ञान असलेली न्युअन्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टने 2022मध्ये ताब्यात घेतली. पण यंत्र कधी न बोललेलं लिहितं, कधी बोललेलं गाळतं. त्यामुळे निव्वळ लिहिण्याचं काम घटतं आहे आणि मसुदा तपासण्याचं वाढतं आहे. ज्याला फक्त वेगाने टाइप करता येतं, त्याचं कठीण आहे.

एकूण हिशेब असा, की पदवीनंतरची एक-दोन वर्षं शिकत कमवायची असतील, तर ही नोकरी चांगली. दहा वर्षांचा बेत असेल, तर इथून क्वालिटी, कोडिंग किंवा प्रशिक्षणाकडे वाट जाते का, ते आधी विचारा. ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी हातात येणारा पगार, पाळीची वेळ, गाडी आणि बाँड या चार गोष्टी लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर रुजू होऊ नका.