गोतावळ्याचा तरंगता मुक्काम

रिसोड तालुक्यातल्या रिठदहून कुठल्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. इथल्या वाचकाला भूमध्य समुद्रातल्या क्रूझबद्दल सांगणं ही नसती उठाठेव वाटेल. पण सगळं गणगोत घेऊन घराबाहेर कसं राहायचं, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. शेगावची गजानन महाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड असे मुक्काम करत याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. दिंडीत सामान ट्रकमधून पुढे जातं, चूल पुढच्या मुक्कामी आधी पोचते, जेवायची वेळ आणि निजायची जागा ठरलेली असते. म्हातारा असो की लेकरू, उद्याचा दिवस कसा जाणार हे त्याला आजच ठाऊक असतं. पर्यटनाच्या धंद्यानं या व्यवस्थेच्या सगळ्यात जवळ जाणारं जे काही उभं केलं, ते म्हणजे हे जहाज. फरक इतकाच, की इथं मुक्कामच चालतो आणि माणसं बसून राहतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की भूमध्य समुद्रातली क्रूझ ही युरोप बघायची वाईट रीत आहे आणि पांगलेला गोतावळा आठ दिवस एका छताखाली आणायची फार चांगली रीत आहे. आपल्याकडे जाहिरात मात्र नेमकी पहिल्या गोष्टीची होते.

या सहलीचा जन्मच मुळी रिकाम्या जहाजातून झाला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडायला प्रवासी मिळत नसत, तेव्हा हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २२ जानेवारी १८९१ रोजी २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे काढलं. जवळपास दोन महिने ते फिरलं. त्या वेळी आपल्याकडची माणसंही हा समुद्र ओलांडत होती, पण कामासाठी. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेची वाट भूमध्य समुद्रातूनच जाऊ लागली. मराठी माणसाला मार्सेय बंदर माहीत आहे ते ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' जहाजातून सावरकरांनी घेतलेल्या उडीमुळे. आज त्याच मार्सेयच्या धक्क्याला सहलीची जहाजं लागतात. बार्सिलोना, मार्सेय, जिनोव्हा, रोमचं बंदर चिवितावेक्किया, नेपल्स किंवा पालेर्मो, माल्टातलं व्हॅलेटा हा सात रात्रींचा ठरलेला फेरा. यातलं बहुतेक प्रत्येक बंदर पुढच्या बंदरापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे. संध्याकाळी सुटलेलं जहाज सकाळी दुसऱ्या गावाच्या धक्क्याला लागतं. भूगोलानंच ही सोय करून ठेवली आहे. कंपन्यांनी फक्त तिकीट लावलं.

आता गोतावळ्याकडे येऊ. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार लेकरं आणि एखादी आत्या अशी मंडळी युरोपच्या बस टूरवर निघाली, की रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, दर एक-दोन रात्रींनी हॉटेल बदलायचं, आणि आजोबांच्या गुडघ्यांच्या वेगानं सगळ्यांनी चालायचं किंवा सगळ्यांच्या वेगानं आजोबांनी. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. खोली तशी लहानच, आतल्या बाजूची असेल तर दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट. पण तिच्यात झोपण्यापलीकडे फारसं कुणी थांबत नाही. ज्याला बंदरात उतरायचं तो उतरतो, ज्याचे पाय दुखतात तो वर खुर्चीत बसून समुद्र बघतो, आणि रात्री सगळे एका टेबलावर येतात. दिवसा वेगळं आणि रात्री एकत्र राहता येणं ही एकत्र कुटुंबाची जुनीच गरज आहे. वाड्यात ती भागत होती, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भागत नाही.

याहून मोठा मुद्दा चुलीचा आहे. आपल्याकडे 'सगळे मिळून चार दिवस राहू' याचा अर्थ घरातल्या बायकांनी चार दिवस वीस माणसांचा स्वयंपाक करायचा, असाच निघतो. मग ते गावचं घर असो की कोकणात भाड्यानं घेतलेला बंगला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात सहभागी असलेल्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. सुट्टीत हा आकडा बायकांसाठी वाढतो की घटतो, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारावं. दिंडीतसुद्धा भाकरी कुणीतरी थापतच असतं. जहाजावर मात्र 'आज जेवायला काय करायचं' हा प्रश्न आठ दिवस कुणाच्याही तोंडी येत नाही. घरातल्या सुनेला सासूबरोबर, हातात लाटणं नसताना, तासभर बसता येणं ही माझ्या लेखी व्हॅटिकनपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे.

'हे श्रीमंतांचे चोचले,' हा पहिला आक्षेप, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला निम्मं, सहाच्या आत माफ. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. तो बाजारात हाती पडलाच असं धरलं, तरी एका माणसाच्या नुसत्या व्हिसा अर्जात पावणेदोन क्विंटल सोयाबीन जातं, आणि व्हिसा नाकारला तरी ते शुल्क परत येत नाही. विमानाचं तिकीट अजून बाजूलाच आहे. तेव्हा केवळ शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरानं कर्ज काढून हा प्रवास करावा असं कुणी सांगत असेल, तर त्याला दारात उभं करू नये. पण वाशीम जिल्ह्यातल्या कित्येक घरांचं चित्र आता वेगळं आहे. एक मुलगा पुण्यात, एक हैदराबादला, मुलगी जावयाबरोबर न्यू जर्सीत. ही माणसं एरवीही भेटण्यासाठी विमानाला पैसे मोजतातच. बार्सिलोना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सात-आठ तासांवर आहे आणि मुंबईकडूनही फार लांब नाही. म्हणजे तो मधला टप्पा झाला. मुंबईहून सुटणारं जहाज असताना भूमध्य समुद्रच का, याचं मला पटणारं उत्तर एवढंच आहे.

आणि भाड्याच्या हिशेबात एक गंमत आहे. ही जहाजं खाट स्वस्त विकतात आणि पैसा वर कमावतात, दारू, जुगारघर, मसाज, फोटो, इंटरनेट आणि बंदरातल्या सहली यांतून. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरून येतो. दारू न पिणारं, पत्ते फक्त आपसात खेळणारं आणि फोटो आपल्याच मोबाइलवर काढणारं माळकरी कुटुंब म्हणजे या धंद्याचं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. शेजारच्या टेबलावरचा पिणारा प्रवासी त्याच्या जेवणाचा काही भार उचलत असतो. शिवाय एकाच खोलीत तिसरी-चौथी खाट घेतली, तर तिचं भाडं बरंच कमी पडतं. काही कंपन्या तर आई-वडिलांच्या खोलीतल्या मुलांकडून फक्त बंदराचे कर घेतात. मात्र हा फायदा पहिल्याच दिवशी पेयांचं पॅकेज आणि जहाजाच्या महागड्या सहली घेतल्या, की जागच्या जागी संपतो.

दुसरा आक्षेप जाणत्या प्रवाशांचा: हे काय बघणं झालं? तो शंभर टक्के खरा आहे. चिवितावेक्कियाहून रोम सत्तरएक किलोमीटर, जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, आणि जहाज सुटायच्या बरंच आधी परत चढावं लागतं. रोमच्या वाट्याला पाच-सहा तास येतात. लिव्होर्नो बंदरातून फ्लॉरेन्सची तीच गत. कोलोसियमच्या रांगेत उभं राहून घड्याळ बघणारा माणूस रोममध्ये नसतो, धक्क्यावरच असतो. ज्याला रोम बघायचंय त्यानं रोमला जावं, चार दिवस राहावं. जहाजावरच्या कुटुंबानं एका बंदरात एकच गोष्ट ठरवावी, तीही चालत जाण्याइतकी. व्हॅलेटात ते सहज जमतं, कारण तिथं गाव धक्क्यालाच लागून आहे. या गावांना आपण हवे आहोत का, हाही प्रश्न आहेच. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. बार्सिलोनानं आपले सात क्रूझ टर्मिनल २०३० पर्यंत पाचवर आणायचं ठरवलंय. ग्रीसनं सँटोरिनी आणि मिकोनोस इथं ऐन हंगामात उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर २० युरो कर लावला आहे. पंढरपूरकरांना एकादशीच्या गर्दीचं सांगायला नको. पण वारकरी गावात जेवतो, राहतो, खण-बुक्का घेतो, आणि जहाजाचा प्रवासी जहाजात जेवून गावात फक्त गर्दी करतो. धुराचा प्रश्नही खोटा नाही. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात इंधनातल्या गंधकाचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं गेलं, त्यानं हवा सुधारेल. कार्बनचा हिशेब मात्र तसाच राहतो. या आक्षेपाला माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. ही दरवर्षी करायची सहल नव्हे, एवढंच म्हणता येईल.

चूल बंद झाली म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडली, हेही मान्य करायला हवं. जहाजावरच्या त्या दुसऱ्या माणसांत आपलेच लोक पुष्कळ आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात आणि कित्येक गावांतली घरं त्यांच्या पैशावर उभी राहिली आहेत. एकेका करारात सहा ते नऊ महिने, आठवड्याचे सातही दिवस काम. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार दिवसाला किमान दहा तास विश्रांतीची हमी देतो; म्हणजे चौदा तासांचं काम नियमात बसतं. २०२० च्या टाळेबंदीत 'मरेला डिस्कव्हरी'वरचे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात अडकून पडले होते, एप्रिलमध्ये त्यांना उतरू दिलं, तेव्हा कुठं या लोकांकडे आपलं लक्ष गेलं. जहाज माणशी दर रात्रीचा सेवा-आकार लावतं. काही ठिकाणी तो काढून घेता येतो आणि 'हुशार' प्रवासी तो काढतात. तो काढू नये.

बुडण्याची भीती कोकणाइतकी आपल्याकडे नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ती आठवण किनाऱ्यानं जपली आहे. भूमध्य समुद्रात १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जिल्यो बेटापाशी खडकावर आदळलं, चार हजारांवर माणसांपैकी ३२ दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा-कवायत तेव्हा झालेलीच नव्हती; आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. आजोबांनाही त्या कवायतीला न्यावं. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी पदार्थ भरपूर असतात, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. घरचं तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नये, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला मनाई आहे. इस्त्री आणि चहाची किटली जहाजावर काढून ठेवतात. फेऱ्यात तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, शिवाय त्या देशाचं काय ते वेगळं बघावं लागतं.

ज्या घरात समुद्र कुणीच पाहिला नाही, त्यांनी आधी मुंबईहून गोव्याकडं जाणाऱ्या जहाजावर दोन रात्री काढाव्यात. आजीला झोप लागते का, लेकरं कंटाळतात का, आणि मुख्य म्हणजे दोघे भाऊ एका टेबलावर किती वेळ बसू शकतात, हे तिथंच कळतं. भूमध्य समुद्रासाठी महिना मे चांगला. तिकडं ऊन अजून तापलेलं नसतं, विदर्भातल्या शाळांना सुट्टी असते आणि मृगाची पेरणी यायची असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. मेमधल्या जहाजासाठी तो महिना नोव्हेंबर येतो, म्हणजे दिवाळीच्या आसपास, सोयाबीन बाजारात जातं तेव्हा.