टॅली ते पासवर्ड

1978 साली मी एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागलो. 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि नव्या शाखा गावोगाव निघत होत्या. वेळ टळली की मस्टर मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं. उशिरा येणाऱ्याने सगळ्यांदेखत आत जाऊन सही करायची.

पण खरा धाक मस्टरचा नव्हता, टॅलीचा होता. लेजरचं बॅलन्सिंग जुळेना की सगळे खुर्च्या ओढून बसत. सत्तावीस रुपयांचा फरक? हेडक्लार्क म्हणायचे, नऊने भाग जातोय, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. मग कुठेतरी 58 चे 85 झालेले सापडत. चूक ज्याची निघायची त्याला मेमो मिळत नसे. पण पुढचे आठ दिवस तो प्रत्येक आकडा दोनदा वाचायचा.

शिक्षेलाही रीत होती. बँका आणि युनियन यांच्यातल्या 1966 च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून आरोपपत्र, चौकशी, युनियनचा बचाव प्रतिनिधी हे सगळं ठरलेलं. साहेबाच्या लहरीवर नोकरी जात नव्हती, याचं मोल ज्यांनी खाजगी पेढीवर काम केलंय त्यांना विचारावं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून चहाला जाणारेही होते, आणि युनियन त्यांच्याही पाठीशी उभी राहायची. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

1983 च्या करारानंतर यंत्रं आली, तीही मोजूनमापून. घडी विस्कटली ती 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्तीने. सरकारी बँकांतून एक लाखाहून अधिक माणसं एकदम बाहेर पडली. आमच्या शाखेतले हेडक्लार्क गेले, हेडकॅशिअर गेले. मागोमाग कोअर बँकिंग आलं आणि टॅली यंत्र करू लागलं.

नव्या पद्धतीत एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. नियम उत्तमच. पण दुसरा माणूस आणायचा कुठून? पेन्शनच्या दिवशी रांग दाराबाहेर जायची, अधिकारी वसुलीला गेलेला असायचा, आणि जाताना पासवर्ड शेजारच्याला सांगून जायचा. वरिष्ठांना हे ठाऊक होतं. रोजचं काम उरकतंय तोवर कुणी विचारलं नाही.

मग त्याच पासवर्डवरून एका खात्यातले पैसे गेले. आरोपपत्र त्या अधिकाऱ्याला मिळालं. चौकशीत त्याचा बचाव प्रतिनिधी मी होतो. शाखेत किती माणसं मंजूर आहेत आणि त्या दिवशी किती हजर होती, एवढंच मी विचारलं. चौकशी अधिकाऱ्याने प्रश्न गैरलागू ठरवला. आरोपपत्र मिळालेल्या अधिकाऱ्याची वेतनवाढ रोखली गेली. रिकाम्या जागा मी निवृत्त झालो तेव्हाही रिकाम्याच होत्या.