कासेगावचे फोड आणि विषाणूचे दोन कायनेज

2009 साली सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावात म्हशींच्या सडांवर फोड उठले आणि माणसांच्या हातांवरही. जोडीला ताप. गावात 166 रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नमुने तपासले, तेव्हा बफेलोपॉक्स, म्हणजे म्हशींच्या देवीचा विषाणू सापडला. देवीच्या ज्या लशीचा व्रण आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर दिसतो, त्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूचा हा अगदी जवळचा भाऊबंद.

या कुळाची रीतच न्यारी. आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात सुरक्षित असतो. डीएनए असलेले बहुतेक विषाणूही नक्कल काढायला तिथेच घुसतात. देवीचं कुळ मात्र केंद्रकाकडे फिरकतही नाही. बाहेर पेशीद्रवातच ठाण मांडतं आणि लागणारी बरीचशी अवजारं स्वतःच आणतं. त्यातच असतात दोन कायनेज. कायनेज हे एक प्रथिन. पेशीचं इंधन असलेल्या एटीपी या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणं, एवढंच त्याचं काम. पण त्या चिमुकल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, आणि तेवढ्याने समोरच्या प्रथिनाचं वागणं पालटतं. माणसाकडे असे पाचशेहून अधिक कायनेज आहेत. फ्लूच्या विषाणूकडे एकही नाही.

व्हॅक्सिनियाच्या पहिल्या कायनेजचं नाव बी-1. आपल्या पेशीत बॅफ नावाचं प्रथिन असतं, जेमतेम 89 अमिनो आम्लांचं. पेशीद्रवात परका डीएनए दिसला, की बॅफ त्याला कडब्याच्या पेंढीसारखं आवळून टाकतं, मग त्याची नक्कल निघत नाही. बी-1 या बॅफलाच फॉस्फेट चिकटवतो. डीएनएवरही ऋण भार, फॉस्फेटवरही ऋण भार. दोघं एकमेकांना दूर लोटतात आणि पकड सुटते.

खरी गंमत पुढे आहे. बी-1 शी मिळतेजुळते कायनेज माणसातही सापडले आणि त्यांना नाव पडलं व्हीआरके, म्हणजे ‘व्हॅक्सिनियाशी नातं असलेले कायनेज’. आपल्याच शरीरातल्या प्रथिनाची ओळख विषाणूवरून! बी-1 निकामी झालेल्या विषाणूत माणसाचा व्हीआरके-1 घातला, तर त्याचं अडलेलं काम पुन्हा चालू होतं. हे जनुक विषाणूने कधीकाळी एखाद्या यजमानाकडूनच उचललं असावं, असं मानलं जातं.

मग विषाणू पेशीतल्या व्हीआरकेवरच का भागवत नाही? उत्तर ऐकून मी चाट पडलो. विषाणूकडे बी-12 नावाचं आणखी एक प्रथिन आहे. दिसायला बी-1 चा भाऊ, पण फॉस्फेट चिकटवण्याची ताकद नाही. शास्त्रज्ञांनी बी-1 चं जनुक काढून टाकलं, तेव्हा विषाणूची वाढ खुंटली. त्या पांगळ्या विषाणूला पिढ्यान् पिढ्या वाढवत नेलं, तर तो सावरला, आणि सावरला तो बी-12 मोडून! बी-12 गेल्यावर पेशीतला व्हीआरके-1 ते काम करू लागला. म्हणजे तो इतका वेळ विषाणूच्या स्वतःच्याच बी-12 ने दाबून धरलेला होता. असलं ओझं विषाणूने का बाळगावं, हे कोडं मला बी-1 पेक्षाही मोठं वाटतं.

दुसरा कायनेज एफ-10. नव्या विषाणूकणाचं आवरण त्याच्याशिवाय आकारच घेत नाही. त्याची घडण आपल्या कुठल्याच कायनेजशी फारशी जुळत नाही. म्हणून औषध शोधायचं तर माझं मत एफ-10 च्या बाजूने. बी-1 वर नेम धरला, तर आपला व्हीआरकेही जखमी होण्याची भीती आहे.

1980 साली जग देवीमुक्त जाहीर झालं आणि देवीची लस थांबली, त्यामुळे आजच्या तरुण गवळ्याच्या अंगात त्या लशीचं संरक्षण नाही. तेव्हा म्हशीच्या सडावर फोड दिसले, तर हातमोजे घालून धार काढा, हात साबणाने धुवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.